एस्प्रेसो बिघडला की लगेच मशीन उघडायला घेऊ नका

मी काही मेकॅनिक नाहीये. घरी आत्तापर्यंत एस्प्रेसोची (प्रेशरने काढलेली घट्ट कॉफी) दोन मशीनं आणि बीन्स दळायचे तीन ग्राइंडर झाले, त्यातलं एक मशीन तीनदा पूर्ण खोलून परत जोडलंय आणि दर वेळी एक स्क्रू उरलाय, एवढंच काय ते माझं क्वालिफिकेशन. पण नवीन लोक ज्या चुका करतात त्या सगळ्या मी ऑलरेडी करून बसलोय त्यामुळे म्हटलं लिहून ठेवावं.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. पहिलं मशीन घेऊन पाचेक महिने झाले असतील, शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) एकदम पाण्यासारखे पडायला लागले, १८ ग्रॅम पावडर भरायची आणि १२ सेकंदांत कप भरलेला, वर क्रीमा (कॉफीवर येणारा दाट सोनेरी थर) म्हणजे नुसता फेस आणि चव आंबट-पाणचट. मी ठरवूनच टाकलं की पंप गेला. नवीन पंप मागवला, रविवारची अख्खी दुपार घालवून बसवला, परत १२ सेकंद. अहो पंप गेला असता तर पाणी कमी आलं असतं ना, शॉट हळू पडला असता, पटापट कशाला पडेल, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. खरा प्रॉब्लेम असा होता की मी स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी घेतली होती आणि ती फोडून तीन महिने झाले होते. ताज्या बीन्सची पुडी फोडली, ग्राइंडरला हातही लावला नाही, २७ सेकंद! आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी बीन्स, मग दळण, मग बास्केटमध्ये (पावडर भरायची भोकांची वाटी) पावडर कशी भरताय ते, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी मशीन. शॉट वाईट पडला म्हणून मशीन बिघडलंय असं निघायची वेळ फार कमी येते, बहुतेक वेळा नाचता येईना अंगण वाकडं असलाच प्रकार असतो.

पायरी १: मोजायला लागा

०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल तर बाकीचं सगळं वाचून उपयोग नाही. चमच्याने पावडर आणि कपावरच्या रेषेने कॉफी मोजू नका, कारण क्रीमा कधी जास्त कधी कमी असतो आणि एकाच रेषेपर्यंत भरलेल्या दोन कपांत चांगला दहा ग्रॅमचा फरक निघतो. सुरुवातीला हे धरून चला: १८ ग्रॅम पावडर आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, पंपाचं बटण दाबल्यापासून २५ ते ३० सेकंद. बास्केट छोटी असेल, समजा १४ ग्रॅमची, तर १४ आत २८ बाहेर. हा काही कायदा नाहीये, लाइट रोस्टला (कमी भाजलेल्या बीन्सना) मी स्वतः १८ ला ४५ पर्यंत जातो, पण कुठेतरी खुंटी मारायला लागते ना.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण बारीक केलं, वजनही वाढवलं, शिवाय टॅम्पही (पावडर वरून दाबणं) जोरात केलं, आणि मग शॉट बरा आला तर कशामुळे आला कसं कळणार? मी फ्रिजवर कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, सेटिंग, ग्रॅम, सेकंद आणि एका शब्दात चव. घरातले हसतात, हसू दे.

पायरी २: बीन्स

पाकिटावर रोस्ट केल्याची तारीख बघा, एक्सपायरीची नाही. रोस्टनंतर साधारण एक ते पाच आठवडे हा एस्प्रेसोसाठी चांगला काळ. दोन-तीन दिवसांच्या एकदम ताज्या बीन्समध्ये गॅस इतका असतो की शॉट फसफसत येतो आणि वेळेचा काही भरवसा नसतो. जास्त घेतल्या असतील तर छोट्या हवाबंद डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, एकदा काढलेला डबा परत आत ठेवू नका.

तयार दळलेली पावडर आणत असाल तर एस्प्रेसो सेट करायचा नाद सोडा, कारण दळण बदलायची सोयच तुमच्या हातात नाही.

पायरी ३: बास्केट उलटी करून बघा

हे कोणी सांगत नाही. पोर्टाफिल्टरमधून (बास्केट बसते ते हँडल) बास्केट काढा आणि उजेडाकडे धरा. चाळणीसारखी शेकडो भोकं दिसली तर ती साधी बास्केट. आत भोकं दिसतात पण खालच्या बाजूला मधोमध सुईच्या टोकाएवढं एकच भोक, तर ती प्रेशराइज्ड बास्केट. या दुसऱ्या प्रकारात प्रेशर त्या एका भोकामुळे तयार होतं, कॉफीमुळे नाही, म्हणून दळण थोडं बारीक-जाड केलं तरी फारसा फरक पडत नाही आणि क्रीमा मात्र छान दिसतो. एक मित्र महिनाभर ग्राइंडरचे क्लिक मोजत बसला होता, शेवटी त्याच्याकडे ही बास्केट निघाली. साधी बास्केट आणा, पण मग ग्राइंडरही एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा हवा, नाहीतर १० सेकंदांचे शॉट पाडत बसाल.

पायरी ४: ग्राइंडर

इथे जरा जास्त वेळ थांबतो कारण खरी गोम इथेच असते.

ग्राइंडरमधले बर म्हणजे जात्याच्या दोन तळ्याच समजा, एक फिरते, एक स्थिर, मधली फट कमी केली की पीठ बारीक. शॉट भरभर पडतोय आणि आंबट लागतोय तर बारीक करा. थेंब थेंब येतोय आणि कडू-जळकट लागतोय तर जाडसर करा. एवढं सोपं. फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक, बारीक करायचं ते मोटर चालू असतानाच, बंद असताना फिरवलंत तर मध्ये अडकलेले दाणे चेपले जातात आणि पुढच्या वेळी मोटर अडकते. दोन, सेटिंग बदलल्यावर आत आधीचं दळण उरलेलं असतं, ते पाच-सहा ग्रॅम दळून फेकून द्या आणि मगच शॉट काढा, नाहीतर बदल केला पण फरक पडला नाही असं वाटून तुम्ही अजून फिरवाल आणि चौथ्या शॉटला मशीन चोक, कॉफीच बाहेर येणार नाही. तीन, क्लिकवाल्या ग्राइंडरला कधीकधी एका क्लिकमध्ये १८ सेकंदांवरून थेट ३५ होतात, मधलं काही मिळतच नाही, तेव्हा क्लिक तसाच ठेवून पावडर अर्धा ग्रॅम कमी-जास्त करा.

आता एक गंमत. बारीक केलं आणि शॉट अजूनच भरभर पडायला लागला असं झालं तर वेडे होऊ नका, हे चॅनलिंग आहे. पाण्याला कॉफीतून वाट मिळेना की ते एखादी कच्ची जागा शोधून तिथून भसकन निघतं, बाकीच्या पावडरीतून पाणी नीट जातच नाही. अशा कॉफीला आंबट आणि कडू दोन्ही चवी एकदम येतात. उपाय म्हणजे दोन पावलं मागे या, थोडं जाड करा आणि पावडर नीट पसरायला शिका.

ग्राइंडर नुसता गुणगुणतोय, फिरत नाही: ताबडतोब बंद करा, प्लग काढा. बटण परत परत दाबून बघू नका, मोटर जळते. हॉपर (वरचा बीन्सचा डबा) काढा, वरचा बर काढा (बहुतेक ग्राइंडरना तो कॉलर फिरवून किंवा दोन-तीन स्क्रू काढून निघतो, पण किती आटे फिरवले ते मोजा आणि मार्करने खूण करा) आणि बघा काय अडकलंय. माझ्याकडे एकदा मुगाच्या दाण्याएवढा खडा निघाला होता, बीन्सच्या पिशवीतूनच आलेला, रंगही अगदी बीनसारखाच. बराच्या दोन दातांवर बारीक टवके उडाले होते, नखाने लागत होते.

पावडर सगळीकडे उडते, चिकटते: स्टॅटिक. दळायच्या आधी चमच्याचा दांडा पाण्यात बुडवा आणि त्याच ओल्या दांड्याने बीन्स ढवळा, एवढंच. मला आधी हा खुळचटपणा वाटला होता पण ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर रीतसर पेपर काढला, थोड्याशा ओलाव्याने दळताना तयार होणारी स्थिर वीज खरंच कमी होते आणि आत अडकणारी पावडरही. मोठा हॉपर भरून ठेवत असाल तर मात्र हे करू नका, एका शॉटपुरत्या बीन्स टाकणाऱ्यांसाठी आहे हे.

गुठळ्या होतात: बारीक सुयांनी ढवळा. ०.३ ते ०.४ मिमीच्या चार-पाच सुया बुचात खोचल्या की झालं तुमचं टूल. जॉन वाइस नावाच्या माणसाने २००५ मध्ये ही युक्ती सांगितली, म्हणून तिला डब्ल्यूडीटी (वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक) म्हणतात. आधी तळापर्यंत ढवळा, मग वरवर. टूथपिक नको, ती जाड पडते आणि खड्डे पाडते.

दळायला जास्त वेळ लागतोय: आधी साफ करा. पावडर बाहेर पडते त्या नळीत जुन्या तेलकट पावडरचा थर जमलेला असतो, ब्रश आणि टूथपिकने खरवडला की नुसता वास बघा, खवट तेलासारखा येतो, आणि हे आपण रोज पीत होतो! तांदूळ दळून साफ करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मी नाही देणार. कच्चा तांदूळ कडक, मोटरवर लोड येतो, पीठ आत बसतं, आणि वॉरंटीचाही लोचा होऊ शकतो. त्यासाठी वेगळ्या गोळ्या मिळतात, नाहीतर ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे.

साफ करूनही तेच असेल, दर महिन्याला आधीपेक्षा बारीक करावं लागत असेल आणि तरी चव मळकट येत असेल, तर बर झिजलेत. जात्याला टाकी लावून घेता येते, इथे ती सोय नाही, नवा सेट घ्यायचा.

बर परत बसवताना खालची जागा एकदम स्वच्छ पुसा. कॉफीचा एक कण जरी खाली राहिला तर बर एका बाजूला वर राहतो, एका बाजूने बारीक आणि दुसऱ्या बाजूने भरड दळतो. तपासायचं तर बराच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा, प्लग काढलेला ठेवून हाताने फिरवत फिरवत दोन्ही बर जेमतेम टेकवा, परत उघडून बघा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर उत्तम, एकाच बाजूची गेली तर समोरच्या बाजूला बराखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा घालायचा. पेशन्सचं काम आहे, मला चार वेळा करावं लागलं.

पायरी ५: आता मशीन

शॉट थेंब थेंब येत असेल तर आधी एक टेस्ट. पोर्टाफिल्टर काढून ठेवा, नुसतं पाणी सोडा. धार भरपूर आणि सगळीकडून सारखी येते का? येत असेल तर मशीन बरं आहे, तुमचं दळण जास्त बारीक आहे. धार बारीक किंवा एकाच बाजूने येतेय तर मशीनमध्ये काहीतरी तुंबलंय. नवीन मशीन घेतलं की पहिल्याच दिवशी ३० सेकंदांत किती ग्रॅम पाणी येतं ते मोजून कागदावर लिहून ठेवा, वर्षानंतर तोच आकडा कामाला येतो.

धार कमी असेल तर पहिला संशय शॉवर स्क्रीनवर. पोर्टाफिल्टर लागतो तिथे वर बघा, जाळी दिसेल, बहुतेकांना मधे एक स्क्रू असतो. मशीन गार असताना काढा. मी पहिल्यांदा काढली तेव्हा जाळीच्या मागे काळं डांबरासारखं काहीतरी होतं, बोटाला लागलं ते साबणानेही निघेना. कॉफी मशीनच्या डिटर्जंटच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि घासा.

पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी गळतंय: गॅस्केट. रबर उष्णतेने कडक होतं. हँडल आधी मधोमध यायचं, आता त्याच्याही पुढे ओढावं लागतंय आणि तरी गळतंय, म्हणजे त्याची वेळ झाली. जुनं गॅस्केट सहजी निघत नाही, टोच्या किंवा बारीक स्क्रू घुसवून उचकटावं लागतं, माझं तर वाळलेल्या प्लास्टरसारखं तुकड्या-तुकड्यांनी निघालं आणि खोबण साफ करायलाच अर्धा तास गेला. नवीन घेताना सिलिकॉनचं घ्या, जास्त दिवस मऊ राहतं. जाडी मात्र आधीचीच बघून घ्या, अर्ध्या मिलिमीटरनेही हँडलची जागा बदलते.

पंपाचा आवाज मोठा, पाणी शून्य: आत हवा अडकलीये. टाकी काढून नीट दाबून बसवा, मग पंप चालू करून वाफेचा किंवा गरम पाण्याचा नॉब उघडा, १५-२० सेकंदांत धार यायला हवी. नाही आली तर सुई काढलेल्या सिरिंजने टाकीतल्या नळीत पाणी ढकला. घरगुती मशीनमधला व्हायब्रेशन पंप पाण्यानेच थंड राहतो त्यामुळे कोरडा मिनिटभर सलग चालवू नका.

शॉटनंतर हँडल काढलं की पावडर फटकन उडते किंवा वर पाण्याचं डबकं: तुमच्या मशीनला थ्री-वे सॉलेनॉइड व्हॉल्व्ह (शॉट संपला की उरलेलं प्रेशर सोडून देणारा) आहे का ते आधी बघा. नसेल तर हे नॉर्मल आहे, हँडल काढायच्या आधी थोडं थांबा. असेल, आणि पूर्वी पक (वापरलेल्या पावडरची चकती) कोरडा निघायचा, तर व्हॉल्व्ह तुंबलाय. बॅकफ्लश करा: भोकं नसलेली बास्केट लावायची, त्यात अर्धा चमचा डिटर्जंट, १० सेकंद पंप चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा, मग नुसत्या पाण्याने परत पाच-सहा वेळा. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनला बॅकफ्लश अजिबात करायचा नाही, प्रेशर जायला जागाच नसते.

वाफ कमी: नळीच्या टोकाच्या भोकात दूध वाळलंय. टोक आटे फिरवून काढा, गरम पाण्यात भिजवा, पिनने टोचा. दूध फेसलं की लगेच ओल्या फडक्याने पुसून दोन सेकंद वाफ सोडली तर ही वेळच येत नाही.

चालू केलं की घरातला ब्रेकर पडतो: इथे थांबा. बऱ्याचदा हीटिंग एलिमेंटला चीर जाऊन करंट बॉडीला लीक होत असतो. मशीन गरमच होत नसेल तर थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्टॅट. दोन्ही ठिकाणी मेन्सची वीज आणि बॉयलर एकत्र आहेत, ज्याला मल्टिमीटर नीट वापरता येतो त्यानेच हात घालावा.

आणि हो, सकाळचा पहिला शॉट आंबट आणि दुसरा चांगला असेल तर काहीच बिघडलेलं नाही. लाइट लागली म्हणजे बॉयलर तापला, हँडल जिथे लागतं ते धातूचं डोकं आणि हँडल अजून गारच असतं. १५-२० मिनिटं हँडल लावून ठेवा.

पाणी

क्षारांइतकी मशीनं दुसऱ्या कशानेच मरत नसतील. क्षारांचं जड पाणी वापरलं तर आत थर बसतो, आधी धार कमी होते, मग व्हॉल्व्ह अडकतो. उलट नुसतं डिस्टिल्ड पाणीही नको, चव सपाट येते आणि ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सेन्सरने कळते त्याला पाणी आहे हेच समजत नाही. मी हे करतो: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट, खाण्यायोग्य ग्रेडचं, हे झालं कॉन्सन्ट्रेट. त्यातलं १० मिली घेऊन दर लिटर डिस्टिल्ड पाण्यात टाकायचं, म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम पडतं. थर बसवणारे क्षारच नाहीत त्यामुळे डीस्केल करायचं (आतला थर काढायचं) टेन्शन जवळपास संपतं. डीस्केल करायचंच असेल तर मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय तेच वापरा, विशेषतः बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर, आणि व्हिनेगर नको, वास आठवडाभर जात नाही. डबल बॉयलरवाल्यांनी घरी डीस्केल करायच्या आधी दहादा विचार करा, सुटलेला खपला बारीक नळीत जाऊन बसला तर आहे ते काम वाढतं.

अपग्रेड कशाने सुरू करावा

वजनकाटा, मग चांगली बास्केट, मग ग्राइंडर, आणि मशीन सगळ्यात शेवटी. साधं मशीन आणि चांगला ग्राइंडर ही जोडी उलट जोडीला कधीही भारी पडते. ऑर्डर करायच्या आधी पोर्टाफिल्टरचा व्यास मोजा, ५८, ५४, ५१ मिमी असे वेगवेगळे साइझ असतात, ५८ चा टॅम्पर ५४ मध्ये जात नाही हे मी पैसे देऊन शिकलोय.

ग्राइंडर घेताना बर किती मोठा यापेक्षा आधी सेटिंग किती बारीक पावलांनी बदलते ते बघा. नीश झीरोमध्ये ६३ मिमीचे शंकूसारखे बर आहेत, डीएफ६४ मध्ये ६४ मिमीचे सपाट, दोन्हीत क्लिक नाहीत, हवं तिथे थांबता येतं. शंकूवाल्यात साधारण अंगभर घट्ट कॉफी येते, सपाटवाल्यात चवी सुट्या सुट्या कळतात, अर्थात हे बरावर आणि बीन्सवर बरंच अवलंबून आहे. बजेट कमी असेल तर बिनधास्त हाताचा ग्राइंडर घ्या, क्लिकला ८ ते १२ मायक्रॉनच्या आसपास सरकणारा, त्याच पैशातला इलेक्ट्रिक इतकं चांगलं दळत नाही. फक्त लाइट रोस्ट १८ ग्रॅम दळताना दंड भरून येतात, पाहुणे आले की कळेल.

मशीनच्या खोक्यावर १५ बार, २० बार लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो पंपाचा कमाल आकडा. फेमाच्या १९६१ च्या ई६१ मशीनपासून पंपवाल्या एस्प्रेसोचं गणित ९ बारच्या आसपासच आहे. जास्त प्रेशरने पक चेपतो आणि चॅनलिंग वाढतं. गॅजिया क्लासिकसारख्या मशीनमध्ये ओव्हर-प्रेशर व्हॉल्व्हची (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) स्प्रिंग बदलून प्रेशर ९ वर आणता येतं, पोर्टाफिल्टरला लावायचा गेज मिळतो त्याने मोजून घ्या. माझ्या मते मशीनवर केलेला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल. त्यानंतर पीआयडी, म्हणजे तापमान नेमकं धरून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. साधा थर्मोस्टॅट बरेच अंश खाली-वर होतो, पीआयडी लावलं की तापमान अंशभराच्या आत राहतं आणि हीटरची लाइट विझल्यावर किती सेकंदांनी बटण दाबायचं ही कसरत बंद होते. वायरिंग मेन्सचं आहे, माहितगार माणसाकडून करून घ्या.

तळ नसलेला पोर्टाफिल्टर म्हणाल तर तो कॉफी सुधारत नाही, तुमच्या चुका दाखवतो. पहिल्या आठवड्यात भिंतीवर, शर्टवर आणि एकदा चष्म्यावर पिचकाऱ्या उडाल्या माझ्या. पण खालून बघितल्यावर कुठून गळतंय ते लगेच कळतं, डाव्या बाजूने आधी येतंय म्हणजे डावीकडे पावडर कमी पडलीये किंवा टॅम्प तिरका झालाय.

नवा ग्राइंडर आला की जुना लगेच विकू नका. माझा जुना आता फक्त डीकॅफचा (कॅफीन काढलेल्या बीन्सचा), सेटिंग कधी हलवत नाही, त्याच्यावर टेप लावून ठेवलीये, रात्री नऊनंतर तोच चालतो.